आपल्या भागातल्या मराठी वेबसाइट स्क्रीन रीडरवर का वाचता येत नाहीत?

पांझरातीर

नमस्कार मंडळी. धुळे, जळगाव, नंदुरबारकडचे वेबसाइट बनवणारे बरेच जण इथे आहेत आणि बनवून घेणारेही आहेत: पतसंस्थांचे संचालक, मुख्याध्यापक, बाजार समितीत काम करणारे. म्हणून हा धागा मुद्दाम इथे काढतोय.

मी जन्मापासून दृष्टिहीन आहे. लॅपटॉपवर एनव्हीडीए आणि फोनवर टॉकबॅक हे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारी सॉफ्टवेअरं, वापरतो. दोन्ही फुकट मिळतात. एनव्हीडीए ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी २००६ मध्ये सुरू केलं. ते स्वतः दृष्टिहीन आहेत. मराठी बोलणारा आवाज त्यात आहे. म्हणजे माझ्या बाजूची तयारी पूर्ण आहे, अडतं ते पलीकडच्या बाजूला.

स्क्रीन रीडर पान कसं दिसतं ते बघत नाही, पानामागचा कोड वाचतो. शीर्षक कोडमध्ये शीर्षक म्हणून लिहिलेलं असलं की मी 'एच' हे बटण दाबत एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जातो आणि मोठं पानही पटकन चाळून होतं. नुसतं अक्षर मोठं आणि ठळक केलं असेल तर माझ्यासाठी तिथे शीर्षकच नाही. मग पहिल्या ओळीपासून सगळं ऐकत बसायचं.

एका पतसंस्थेच्या साइटवर ठेवींचे व्याजदर बघायचे होते. मला ऐकू आलं ते असं: "ग्राफिक, आयएमजी, डब्ल्यूए, शून्य शून्य एकवीस." संपलं. दरांचा छापील तक्ता होता, त्याचा फोटो काढून तोच साइटवर चढवलेला. त्या चित्राच्या आत काय लिहिलंय हे कोडमध्ये कुठेच नाही. त्याखाली चौकशीचा फॉर्म. तो असा ऐकू आला: "एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक. बटन." नाव कुठल्या चौकटीत, मोबाइल कुठल्या, रक्कम कुठल्या? डोळसांना चौकटीच्या वर लिहिलेलं दिसतं, पण ते शब्द आणि ती चौकट कोडमध्ये एकमेकांना जोडलेली नाहीत. बटणालाही नाव नाही.

आणि शेवटी कॅप्चा. वेडीवाकडी अक्षरं ओळखा आणि लिहा. आवाजातला पर्याय नाही. मग कोणाला तरी हाक मारायची. खाते क्रमांक त्याच्यासमोर, शिल्लक त्याच्यासमोर, ओटीपीही त्यालाच सांगायचा. माझ्या पैशांचा व्यवहार दुसऱ्याच्या डोळ्यांनी करणं मला मान्य नाही, आणि तसा करावा लागू नये इतकं तंत्रज्ञान आज हाताशी आहे.

बनवणाऱ्यांनी काहीही विचारा. मला जमेल तसं सांगतो.

केळीबाग_सावदा

दादा, धागा काढलात ते फार बरं केलंत. माझ्या काकांची नजर मधुमेहाने बरीच गेली आहे. आयुष्य केळीत गेलं त्यांचं. सकाळी भाव ऐकल्याशिवाय चहा घेत नाहीत. पूर्वी फोन करून भाव विचारायचे, आता ग्रुपवर रंगीत चित्र येतं: मागे केळीचा घड, त्यावर पिवळ्या अक्षरांत भाव. टॉकबॅक सांगतो "फोटो". बस. काका मला किंवा माझ्या मुलीला शोधत फिरतात.

पाठवणाऱ्याला सांगितलं, "चित्र पाठव पण खाली दोन ओळी टाइप कर: तारीख, बाजार, क्विंटलचा भाव." तो म्हणाला, "त्यात काय, बोलून टाइप होतंय." दुसऱ्या दिवसापासून ओळी यायला लागल्या. आता काका स्वतः ऐकतात. वेबसाइटचं मला फार कळत नाही, पण हे सगळ्या ग्रुपवाल्यांनी करावं.

कोडवाला_जळगाव

मी शाळा आणि पतसंस्थांच्या साइट बनवतो. पांझरातीर दादा, तुमचं सगळं पटतं. पण आमच्या बाजूचंही मांडतो. क्लायंट येतो तो "शेजारच्या संस्थेसारखी करून द्या" म्हणत. सरकता स्लायडर हवा, वरून धावणारी सूचनापट्टी हवी, उघडल्याबरोबर 'प्रवेश सुरू' चं पॉपअप हवं. कोटेशनमध्ये दर पाडून घेतो. आणि मजकूर देतो पेजमेकर या छपाईच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइलमधला, जुन्या फाँटातला. तो साइटवर चिकटवला की कचरा दिसतो, म्हणून त्याचं चित्र करून टाकणं सगळ्यांना सोपं वाटतं.

दोन प्रश्न आहेत. एक, कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह येतं आणि दाबलं की अक्षर मोठं, रंग उलटे वगैरे होतं, असे प्लगइन मिळतात. ते लावून भागेल का? दोन, जुन्या फाँटातल्या मजकुराचं काय करायचं?

पांझरातीर

पहिल्याचं उत्तर: भागत नाही. अक्षर मोठं करायची सोय ब्राउझरमध्ये आधीपासून आहे. कंट्रोल आणि अधिकचं बटण दाबा. माझा आवाज माझ्या मशीनवर आहे, तुमच्या साइटने वेगळं बोलायची मला गरज नाही. मला हवं ते कोडमध्ये: चित्रांची वर्णनं, चौकटींची नावं, शीर्षकं. संचालक बसून व्याजदराच्या फोटोतला मजकूर टाइप करत नाहीत तोवर वरून लावलेलं प्लगइन तो तक्ता मला भरवशाने वाचून दाखवू शकत नाही. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशनने असं प्लगइन विकणाऱ्या एका कंपनीला दहा लाख डॉलर भरायला लावले. आमचं साधन लावलं की कोणतीही साइट नियमांत बसते, असा तिचा दावा होता. प्लगइनला लागणाऱ्या पैशात तुमच्याकडून नीट फॉर्म करून घेणं केव्हाही चांगलं.

फाँटाचं अक्षरजुळणीवाले सांगतील. त्यांना बोलावलंय.

अक्षरजुळणी

आलो. अमळनेरला डीटीपी करतो, बरीच वर्षं झाली. शाळेच्या मासिकापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं.

जुने फाँट म्हणजे श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, डीव्हीबी सुरेख ही मंडळी. त्यांच्यात इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं रूप बसवलेलं असतं. पडद्यावर 'सहकारी' दिसतं, पण मशीनच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात. त्यात प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. स्क्रीन रीडर पोटातलं वाचतो, म्हणून दादांना अगम्य काहीतरी ऐकू येतं. युनिकोड म्हणजे सगळ्या लिपींच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत. तिच्यात देवनागरीला स्वतःची जागा १९९१ पासून आहे. तिथे 'स' म्हणजे सगळीकडे 'स'च.

पीडीएफमध्ये हे लपून राहतं. फाइल उघडली की सगळं सुरेख दिसतं, कोणाला शंकाही येत नाही. तपासायची सोपी रीत सांगतो. पीडीएफमधली एक ओळ निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी आली तर ठीक. विचित्र चिन्हं आली तर दादांनाही तेच मिळणार. आणि ओळ निवडताच येत नसेल तर तो स्कॅन आहे, म्हणजे नुसता फोटो.

बदलायचं तर जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर आहेत. मात्र त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. रफार घसरतो, पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते, जोडाक्षर तुटतं. 'कार्यकारिणी' आणि 'निवृत्ती' हे शब्द आधी बघतो मी. प्रूफ वाचावंच लागतं. दहा पानांच्या अहवालाला एक दुपार धरा. नवीन काम मात्र पहिल्यापासून युनिकोडमध्येच घ्या. आता छपाईलाही युनिकोड फाँट चांगले आहेत, त्यामुळे तेवढ्यासाठी जुन्यात अडकून राहायचं कारण उरलेलं नाही.

गोमाई

शहाद्याहून लिहिते आहे. मला दिसतं, ऐकू येतं, पण हात थरथरतात. सेरेब्रल पाल्सी. माऊस मला धरता येत नाही, सगळं की-बोर्डवर करते. टॅब दाबत पुढे, शिफ्ट-टॅबने मागे, एंटरने उघडायचं.

दृष्टिहीनांबद्दल बोललं जातं, आमच्याबद्दल कमी, म्हणून जरा सविस्तर लिहिते. टॅब दाबल्यावर मी कुठे आहे हे दाखवणारी चौकट ब्राउझर आपोआप काढतो. डिझाइनला शोभत नाही म्हणून बरेच जण ती बंद करून ठेवतात, कोडमध्ये 'आउटलाइन नन' ही एक ओळ लिहून. त्या एका ओळीने माझं बोट हरवतं. मी पानावर कुठे आहे तेच कळत नाही.

मग मेन्यू. माऊस वर नेला तरच उघडणारे. टॅबने गेलं की ते बंदच. कोडवाला दादा म्हणाले ते पॉपअप तर बऱ्याच वेळा की-बोर्डवर बंदच होत नाही. फुली चित्राची असते, टॅब तिच्यापर्यंत पोचत नाही आणि मागचं पानही मिळत नाही. एस्केप दाबलं की बंद झालं पाहिजे, एवढं तरी करा.

मागे एका सरकारी अर्जात जिल्हा, तालुका, गाव अशा याद्या होत्या. नंदुरबार निवडला, शहादा निवडला, गावाची यादी यायला वेळ लागला, मी सावकाश एक एक बटण दाबत शेवटपर्यंत गेले. तेवढ्यात "आपले सत्र संपले आहे" आलं आणि भरलेलं सगळं गेलं. पुन्हा पहिल्यापासून. साइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून 'वेब कंटेंट अ‍ॅक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स' हे जागतिक नियम आहेत. त्यांत हे स्पष्ट आहे: वेळ संपण्याआधी सूचना द्यावी, आणि एखादं साधं बटण दाबून वेळ वाढवायला निदान वीस सेकंद मिळावीत. फोनवर बटणं एकमेकांना चिकटवू नका हेही सांगते. त्या नियमांच्या २०२३ च्या आवृत्तीत बटणाचा आकार निदान चोवीस बाय चोवीस पिक्सेल असावा किंवा भोवती तेवढी मोकळी जागा असावी, असं घातलं आहे. आमच्यासारख्यांना चव्वेचाळीस मिळाले तर आणखी बरं.

मास्तर_पारोळा

सगळं वाचलं. एक शंका मनापासून विचारतो, कोणी वाईट वाटून घेऊ नये. आमच्या शाळेची साइट बघणारे किती, त्यात दिव्यांग किती? एवढ्या थोड्यांसाठी संस्था खर्चाला तयार होईल का? मला संस्थेपुढे मांडायचं आहे, म्हणून विचारतोय.

पांझरातीर

मास्तर, विचारलंत ते चांगलं केलंत, हा प्रश्न प्रत्येक सभेत येतोच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त दिव्यांगांची नोंद आहे. तेव्हा अपंगत्वाचे प्रकार आठ धरले होते, २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले. शिवाय सावद्याच्या काकांसारखी नजर अधू झालेली माणसं कुठल्याच यादीत नसतात. तुमच्या विद्यार्थ्यांचे आजी-आजोबा धरा. एखादे दृष्टिहीन वडील आपल्या मुलाच्या परीक्षेचं वेळापत्रक स्वतः वाचू इच्छितात, तेही धरा. आणि त्या पालकांना तुमची साइट वापरताच येत नाही म्हणून ते तुमच्या मोजणीत दिसत नाहीत, हेही संस्थेला सांगा.

केळीबाग_सावदा

मास्तर, मेच्या उन्हात बागेत उभं राहून फोन बघा. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षर माझ्या चांगल्या डोळ्यांनाही दिसत नाही. हाई खरी गोट शे.

कोडवाला_जळगाव

सावदेकर भाऊंच्या मुद्द्याला आकडा आहे. साध्या आकाराच्या अक्षराचा मागच्या रंगाशी फरक निदान साडेचार पट हवा, मोठ्या अक्षराला तीन पट. पांढऱ्या पानावरचा तो फॅशनेबल राखाडी, कोडमध्ये ९९९९९९ लिहितात तो, २.८५ पटच भरतो. त्याऐवजी ७६७६७६ घेतला की ४.५४. डोळ्याला फरक फारसा वाटत नाही, पण वाचणाऱ्याला पडतो. वेबएम ही संस्था दरवर्षी जगातल्या दहा लाख साइटची मुखपृष्ठं तपासते. २०२५ मध्ये त्यातल्या ९४.८ टक्के पानांवर दोष सापडले, आणि सर्वांत जास्त आढळलेला दोष हाच, फिकट अक्षरं, ७९.१ टक्के पानांवर. रंग बदलायला एक पैसा लागत नाही.

भुसावळ_जंक्शन

माझी मुलगी कर्णबधिर आहे, बारावीत. आमचं दुखणं वेगळं आहे. तिला पान वाचता येतं, म्हणून सगळ्यांना वाटतं तिला काही अडचण नाही. पण शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा याचा व्हिडिओ टाकतात, त्यात सगळं बोलून, खाली एक अक्षर नाही. आपोआप येणारी मराठी कॅप्शन नावं आणि आकडे हमखास चुकवतात, आणि अर्जात नेमकं तेच महत्त्वाचं असतं. जो व्हिडिओ बोलण्याआधी लिहून काढला असेल त्याचं लिखाण तसंच खाली द्यायला काय हरकत आहे?

दुसरं, प्रत्येक साइटच्या तळाशी "अधिक माहितीसाठी फोन करा". ती फोन कसा करणार? एक ईमेल किंवा मेसेजचा नंबर द्या, आणि त्यावर उत्तरही द्या. तिसरं म्हणजे भाषा. ती खुणांच्या भाषेत वाढली. "उपरोक्त प्रयोजनार्थ विहित नमुन्यात" अशी वाक्यं मला तिला उलगडून सांगावी लागतात. "हा फॉर्म भरा. सोबत गुणपत्रिका जोडा." असं लिहिलं तर ती एकटीने करते. याचा फायदा तिच्याएवढाच गावातल्या सगळ्यांना होईल.

चोपडा_वकील

कायद्याचं थोडक्यात लिहितो, सभेत उपयोगी पडेल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम ४२: माहिती आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमं दिव्यांगांना वापरता यावीत याची जबाबदारी सरकारवर. कलम ४६: सेवा देणारे, सरकारी असोत की खासगी, त्यांनी नियम लागू झाल्यापासून दोन वर्षांत सेवा सुगम करायच्या. नियम आले जून २०१७ मध्ये, म्हणजे मुदत केव्हाच उलटली. २०१७ च्या मूळ नियम १५ मध्ये तर साइटवर टाकायची कागदपत्रं ई-पब (ई-पुस्तकाची फाइल) किंवा अक्षरं ओळखता येतील अशा पीडीएफमध्ये असावीत, असं होतं. स्कॅन नको म्हणून अक्षरजुळणी भाऊ सांगतात, तेच. कलम ८९ नुसार दंड पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत, पुढे पन्नास हजार ते पाच लाख.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल लक्षात ठेवा. राजीव रतुरी प्रकरण, नोव्हेंबर २०२४: नियम १५(१) नुसता शिफारशींचा आहे, कायद्याला बंधनकारक मानकं अपेक्षित आहेत, म्हणून केंद्राने तीन महिन्यांत ती करावीत असं सांगितलं. प्रज्ञा प्रसून प्रकरण, एप्रिल २०२५: अ‍ॅसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांना केवायसी करताना पापणी मिटून दाखवता येत नव्हती, दृष्टिहीनांना सेल्फीची चौकट जुळवता येत नव्हती. न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि वीस निर्देश दिले.

तक्रार राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे, पुण्याला करता येते. पण माझा अनुभव असा की आधी संस्थेला लेखी पत्र द्यावं, नेमकं कुठलं पान आणि कुठली अडचण ते लिहून. पुष्कळ वेळा तेवढ्यावर काम होतं.

अनेर

मी एका पतसंस्थेच्या संचालक मंडळावर आहे. साइटचं काम नव्याने देतोय. आम्हाला तांत्रिक कळत नाही. कार्यादेशात काय लिहायचं ते कोणी सरळ मराठीत देईल का?

पांझरातीर

तुमच्यासारख्यांनी विचारावं म्हणूनच लिहितोय, अनेर साहेब. बनवणारा तुम्ही मागाल ते देतो, आणि आजवर हे कोणी मागितलंच नाही. हा परिच्छेद जसाच्या तसा घ्या:

"वेबसाइट वेब कंटेंट अ‍ॅक्सेसिबिलिटी गाइडलाइन्सच्या २.२ आवृत्तीतील एए स्तराप्रमाणे असावी. सर्व मजकूर युनिकोड मराठीत असावा आणि पानाची भाषा कोडमध्ये मराठी नोंदवावी. दरपत्रके व सूचना चित्ररूपात टाकू नयेत. सर्व कामे केवळ की-बोर्डवर करता यावीत. अंतिम देयकापूर्वी स्क्रीन रीडर वापरणाऱ्या व्यक्तीकडून तपासणी करून तिने दाखवलेल्या त्रुटी दूर कराव्यात."

भाषेची नोंद का, ते सांगतो. तयार थीममध्ये भाषा इंग्रजी लिहिलेली असते आणि ती तशीच राहते. मग माझं मशीन मराठी मजकुराला इंग्रजी आवाज लावतं: कधी सुटी सुटी अक्षरं, कधी ओळच गाळतं. हिंदी लिहिली तर 'चमचा' आणि 'जग' हिंदी थाटात येतात. 'एमआर' ही दोन अक्षरं लिहिली की झालं.

शेवटचं वाक्य मात्र कोणी गाळायला सांगितलं तरी गाळू नका. तपासणाऱ्याला मानधन द्या, ते काम आहे. जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनच्या मनोबल केंद्रात राज्यभरातले दिव्यांग विद्यार्थी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. स्क्रीन रीडर रोज वापरणारी मुलं आपल्याच जिल्ह्यात आहेत, शोधायला लांब जायला नको.

कोडवाला_जळगाव

हा परिच्छेद मी माझ्या कोटेशनच्या नमुन्यातच घातला आता. क्लायंटने मागायची वाट कशाला बघायची.

चित्रांच्या वर्णनाबद्दल विचारायचं होतं. साइटवर सत्काराचे, वार्षिक सभेचे फोटो खूप असतात. प्रत्येकाला काय लिहू?

पांझरातीर

फोटो तिथे कशासाठी लावलाय ते लिहा. "अध्यक्ष गुणवंत विद्यार्थिनीला पारितोषिक देताना" पुरे. पडद्याचा रंग, फुलांचा गुच्छ नको. नुसत्या नक्षीच्या चित्राला वर्णन रिकामं ठेवा, म्हणजे स्क्रीन रीडर ते ओलांडून जातो. पण वर्णनाची जागाच काढून टाकू नका, नाहीतर फाइलचं नाव वाचलं जातं. "फोटो" किंवा "चित्र" असंही लिहू नका, तो शब्द मशीन स्वतःच म्हणतं.

कोडवाला_जळगाव

अनेर साहेबांच्या पतसंस्थेचं चाचणी पान तयार केलंय, त्यांच्या परवानगीने लिंक निरोपात पाठवली आहे. दरांचा तक्ता खरा तक्ता केला, फॉर्मला लेबलं दिली, कॅप्चा काढून ओटीपी ठेवला. दादा, बघाल का? गोमाई ताई, तुम्हीही.

गोमाई

बघितलं. टॅबची चौकट दिसते, मेन्यू एंटरने उघडतो, एस्केपने मिटतो. धावणारी सूचनापट्टी थांबवायला बटण नाही. तिच्यातली लिंक पकडेपर्यंत पुढे सरकते. पट्टीऐवजी साधी यादी ठेवली तर उत्तम.

पांझरातीर

तक्ता छान वाचतो. आडवं सरकलं की "ज्येष्ठ नागरिक" असं स्तंभाचं नाव येऊन मग आकडा येतो, खाली गेलं की मुदत बोलतो. फॉर्मच्या तिन्ही चौकटी नाव सांगतात.

दोन गोष्टी राहिल्या. मोबाइल नंबर नऊ आकडी टाकून बघितला. चौकट लाल होते असं बायकोने सांगितलं, मला काहीच ऐकू आलं नाही. "मोबाइल नंबर दहा आकडी हवा" असं शब्दांत लिहा आणि तो संदेश त्या चौकटीला जोडा. दुसरं, शाखांच्या पानावर प्रत्येक लिंकचं नाव "येथे क्लिक करा" आहे. लिंकची यादी काढली की मला तेच एक वाक्य ओळीने ऐकू येतं. "अमळनेर शाखेचा पत्ता", "चोपडा शाखेचा पत्ता" असं करा. तेवढं झालं की कळवा, फोनवर टॉकबॅक लावून पुन्हा बघतो.